विमानासाठी हायड्रोजन हायब्रिड प्रणाली: पीएच.डी.च्या मॉडेलमध्ये या चुका टाळा

हायड्रोजन फ्युएल सेल आणि बॅटरी यांच्या जोडीवर चालणाऱ्या विमानाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाचे मॉडेल समीकरणांत क्वचितच चुकते. ते चुकते हिशेबाची हद्द आखताना. स्टॅक (एकत्र जोडलेल्या अनेक फ्युएल सेलचा संच), बॅटरी आणि मोटर एवढ्यांनाच हद्दीत घेऊन ऊर्जा-व्यवस्थापनाच्या अल्गोरिदमवर वर्ष-दोन वर्षे खर्ची पडतात आणि विमानाचे वजन ज्यांच्यामुळे ठरते त्या गोष्टी बाहेरच राहतात.

सर्वांत महागात पडते ती हवेची चूक. स्टॅकचा पोलरायझेशन कर्व्ह, म्हणजे करंटनुसार व्होल्टेज कसे घसरते ते दाखवणारा आलेख, जमिनीवरच्या चाचणीतून घेतलेला असतो आणि तोच 25,000 फुटांवर जसाच्या तसा वापरला जातो. प्रमाण वातावरणात त्या उंचीवर हवेचा दाब सुमारे 37.6 किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या 37 टक्के असतो. सेलचे व्होल्टेज 0.65 आणि हवेचा पुरवठा गरजेच्या दुप्पट धरला, तर 1 मेगावॉटच्या स्टॅकला सेकंदाला साधारण 1.1 किलो हवा लागते. ही हवा 150 किलोपास्कलपर्यंत दाबण्यासाठी 75 टक्के कार्यक्षमतेच्या काँप्रेसरला जमिनीवर 50 किलोवॉटच्या आसपास शक्ती पुरते. 25,000 फुटांवर मात्र तीच गरज 170 किलोवॉटवर जाते. विमानाच्या वेगामुळे मिळणारा दाब आणि निकासावरच्या टर्बाइनने परत मिळवलेली शक्ती या आकड्यांत नाही, ती जरूर धरावी. पण काँप्रेसरच्या नावे एक ठरावीक टक्केवारी टाकून मोकळे होणे, ही सवय उंचीवर उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत सोडलीच पाहिजे.

हवेच्या पाठोपाठ उष्णता येते. गॅस टर्बाइनची बहुतेक उष्णता निकासातून निघून जाते. पीईएम (पॉलिमरच्या पडद्याच्या) प्रकारचा सेल 60 ते 80 अंशांवर चालत असल्याने ती जवळपास सगळी शीतकामार्फतच बाहेर टाकावी लागते. 0.65 व्होल्टला 1 मेगावॉट विजेबरोबर सुमारे 930 किलोवॉट उष्णता निर्माण होते. प्रमाण दिवसाच्या 15 अंशांत 80 अंशांच्या शीतकाला 65 अंशांचा फरक मिळतो, तर मे महिन्यात नागपूरच्या धावपट्टीवर 45 अंश असताना केवळ 35 अंशांचा. म्हणजे हीट एक्स्चेंजर जवळजवळ दुप्पट क्षमतेचा हवा, आणि त्याचे वजन व हवेचा अवरोध विमानाला संपूर्ण प्रवासभर वागवावा लागतो. शिवाय स्टॅक जुना होऊन व्होल्टेज 10 टक्क्यांनी घसरले की तेवढ्याच विजेमागे उष्णता 1,140 किलोवॉटपर्यंत वाढते, त्यामुळे शीतन बेतायचे ते आयुष्याच्या अखेरीच्या स्टॅकसाठी. कार्यक्षमता कोणत्या उष्मांकावर काढली हेही लिहावे; 0.65 व्होल्टला ती निम्न उष्मांकावर (तयार झालेले पाणी वाफेच्या रूपातच राहते असे धरून) 52 टक्के येते आणि उच्च उष्मांकावर (ते द्रवरूप होते असे धरून) 44.

बॅटरीच्या बाबतीत मोटारींवरचे शोधनिबंध दिशाभूल करतात. मोटारीला ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळते. विमान खाली येताना तसे फारसे काही हाती लागत नाही. चढाईच्या 15 मिनिटांत बॅटरीने 500 किलोवॉट द्यायचे ठरवले, तर 125 किलोवॉट-तास लागतात, आणि किलोमागे 170 वॉट-तासांचा पॅक 80 टक्केच वापरायचा म्हटल्यास त्याचे वजन 900 किलोंच्या वर जाते. सामानासह नऊ प्रवासी तिथेच उतरले! त्यातही उतरण्याच्या ऐन वेळी विमान पुन्हा वर न्यावे लागले, तर रिकामी बॅटरी कामाची नाही, म्हणून तेवढी शक्ती राखीव धरावी लागते. हायब्रिड म्हणजे हलके, हे गृहीतक पहिल्याच प्रकरणात तपासावे आणि बॅटरी नसलेला पर्यायही तुलनेत ठेवावा. जानेवारी 2023 मध्ये झीरोएव्हिया कंपनीने इंग्लंडमध्ये उडवलेल्या डॉर्नियर 228 मध्ये उड्डाणाच्या वेळी फ्युएल सेलला बॅटरीची जोड होती. मार्चमध्ये अमेरिकेत मोझेस लेक येथे उडालेल्या युनिव्हर्सल हायड्रोजन कंपनीच्या डॅश 8 मध्ये फ्युएल सेल थेट मोटरला वीज देत होता. दोन्ही विमानांच्या दुसऱ्या पंखावर नेहमीचे इंजिन होते, त्यामुळे संपूर्ण विमान हायड्रोजनवर चालल्याचा दाखला म्हणून ती उड्डाणे देऊ नयेत.

नव्या अल्गोरिदमने हायड्रोजन एका टक्क्याने वाचवला असे दिसले, तर आनंद मानण्याआधी दोन्ही सिम्युलेशनच्या शेवटी बॅटरीचा चार्ज सारखा आहे का, ते पाहावे. वरच्या पॅकमध्ये 5 टक्क्यांचा फरकही सुमारे साडेचारशे ग्रॅम हायड्रोजनइतका भरतो, आणि छोट्या प्रवासात सगळी बचत तेवढीच असू शकते.

सिम्युलेशन अडकत असेल, तर दोष बहुधा एका वर्तुळात सापडतो: काँप्रेसरची वीज स्टॅककडून येते, स्टॅकच्या करंटवर हवेची गरज ठरते आणि हवेवर पुन्हा काँप्रेसरची वीज. मध्ये एका पायरीचा विलंब घालून अनेक जण हे वर्तुळ तोडतात. त्याने त्रुटीचा संदेश जातो, पण टाइम-स्टेप बदलताच उत्तरही बदलते. काँप्रेसरच्या रोटरचे जडत्व आणि मॅनिफोल्डमधील (सेलना हवा वाटणाऱ्या नळीतील) दाब यांना स्वतंत्र अवस्था (काळानुसार बदलणाऱ्या राशी) म्हणून मॉडेलमध्ये घेतले, की हे वर्तुळ भौतिक कारणानेच सुटते.