उधारी बुडाली, दावाही बुडू नये: जिनिंगवाल्यांनो, या चुका टाळा

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यात गाठींचा सौदा फोनवर ठरतो आणि पैसे 'पुढच्या हंगामात' मिळायचे असतात. पैसे अडकून वकिलाकडे येणारा व्यापारी बहुतेक वेळा खराच असतो. गडबड असते ती कागदात आणि तारखांत.

सगळ्यात महाग पडते ती मुदत. उधारीचा काळ ठरलेला नसेल तर माल पोचवल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. 'देतो ना भाऊ, कुठं पळून चाललो' या बोलण्यानं ही मुदत एक दिवसही वाढत नाही. दरवर्षी खातेउताऱ्यावर 'बाकी मान्य' असं लिहून घेऊन तारखेसह सही घ्या; त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजली जातात. मात्र ही सही मुदतीच्या आत हवी. मुदत उलटल्यावर नुसती कबुली पुरत नाही, रक्कम फेडण्याचं स्पष्ट लेखी वचन लागतं, आणि ते कोण देतो?

दुसरी चूक घरगुती भागीदारीची. दोघं भाऊ आणि एक साळा, करारनामा नोटरी केलेला, पॅन आहे, जीएसटी आहे, म्हणजे फर्म नोंदलेली असा समज असतो. तसं नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 नुसार फर्म निबंधकाकडे नोंदलेली नसेल, तर तिला करारातल्या पैशासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र कुणीही लावू शकतो! दावा लावल्यावर केलेली नोंदणीही उपयोगाची नाही. नवा दावा लावावा लागतो, आणि तोवर मुदत संपलेली असू शकते.

दाव्याचा अर्जच फेटाळला गेला? मग बहुधा मध्यस्थी राहिली. तीन लाख किंवा त्याहून मोठा व्यापारी वाद असेल, तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो. तातडीचा मनाई हुकूम वगैरे हवा असेल तरच सूट. ही पायरी सक्तीची असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलं. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

चेक परत आला की बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार करा. पण ती केस चालू आहे म्हणून वसुलीच्या दाव्याची मुदत थांबत नाही. इथं भलेभले फसतात.

व्हॉट्सॲपवरचा सौदा पुरावा म्हणून चालतो, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ मोबाइल विकू नका.

आणि सही करण्याआधी सौदा चिठ्ठीची शेवटची ओळ वाचा. तिथं 'वाद फक्त कोइम्बतूरच्या न्यायालयात' असं छापलेलं असेल, तर गाठी तुमच्या जिनिंगमधून उचलल्या असल्या तरी दाव्यासाठी कोइम्बतूर गाठावं लागू शकतं.