पोर्तुगीजमध्ये बाईचा हुद्दा लिहिताना

पोर्तुगीज कागदपत्रांची भाषांतरं करणं हे माझं रोजचं काम. नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी एकच सांगते: शेवटी 'आ' लावला की स्त्रीलिंग झालं, एवढ्या भरवशावर हुद्दे लिहू नका. खुर्ची बाईची स्वतःची आहे की तिच्या नवऱ्याची, ते आधी बघा.

बाई स्वतः राजदूत असेल तर 'एंबाइशादोरा' लिहा. 'एंबाइशात्रीज' म्हणजे राजदूताची बायको. आपल्याकडे पाटलीण म्हटलं की पाटलाची बायको, तसं. इथे चुकलात तर तिची नेमणूकच कागदावरून पुसली जाते.

मग जोडीतले दोन्ही शब्द कोशात वेगवेगळे बघा. 'गोव्हेर्नांते' म्हणजे राज्यकर्ता, पण 'गोव्हेर्नांता' म्हणजे पगारावर घर सांभाळणारी बाई. फरक एका स्वराचा, पण बायकांच्या वाट्याला कोणती कामं आली ते त्यात साठून राहिलंय. राज्य करणाऱ्या बाईसाठी शब्द तसाच ठेवा, उपपद तेवढं स्त्रीलिंगी करा: 'आ गोव्हेर्नांते'.

सगळीकडे मात्र समाज शोधत बसू नका. साक्षीदार पुरुष असला तरी 'आ तेस्तेमुन्या'च. ते निव्वळ व्याकरण.

दोन रूपं चालत असतील तर ती बाई स्वतःला काय म्हणवते ते बघा. डिल्मा रुसेफ २०११ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी 'प्रेझिदेंता' हे रूप आग्रहाने वापरलं. 'आ प्रेझिदेंते'ही बरोबरच, पण त्यांच्याबद्दल लिहिताना मी त्यांचाच शब्द ठेवते. उलट, कित्येक कवयित्रींना 'पोएतिझा' नको असतं. त्या वेगळ्या शब्दात त्यांना दुय्यमपणा जाणवतो, म्हणून त्या 'पोएता' म्हणवून घेतात. तेही तसंच ठेवावं.

पदवीच्या कागदाकडे जरा जास्त लक्ष द्या. ब्राझीलमध्ये २०१२ च्या १२६०५ क्रमांकाच्या कायद्याने प्रमाणपत्रावर व्यवसायाचं किंवा पदवीचं नाव धारकाच्या लिंगाप्रमाणे छापणं सक्तीचं केलं. त्याआधीच्या कागदावर बाईच्या नावासमोर 'एंजेन्येइरो' असं पुल्लिंगी रूप सापडू शकतं. मराठीत आपण 'इंजिनिअर' लिहून मोकळे होतो, त्यामुळे ही गोष्ट भाषांतरात दिसतच नाही. अशा वेळी काम सुरू करण्याआधी बाईंना जरूर सांगा: त्याच कायद्यानुसार दुरुस्त प्रमाणपत्र संस्थेकडून फुकट मागून घेता येतं.