पाहुण्याचं पथ्य आणि घरातली धुसफूस: या चुका टाळा

जेवायला बोलावतो एक आणि रांधतो दुसरा. बहुतेक घरांत हे असंच असतं, आणि पाहुण्याच्या पथ्यावरून जे बिनसतं ते या दोघांच्या मध्येच बिनसतं. मैत्रिणीला गहू चालत नाही हे दादाला आठवडाभर आधी कळलेलं असतं, पण वहिनीला तो ते कणीक मळून झाल्यावर सांगतो. वहिनी चिडते, आणि तो राग दादावर न निघता पाहुणीच्या "नखऱ्यां"वर निघतो. पाहुणीने बिचारीने वेळेवर सांगितलं होतं. म्हणून पहिला नियम असा की पाहुण्याशी पथ्याबद्दल बोलायचं ते रांधणाऱ्याने. मधला निरोप्या नको. फोन त्याच्या हातात द्या आणि बाजूला व्हा.

"काही चालत नाही का?" एवढंच विचारणं

यावर भिडस्त माणूस "छे छे, माझ्यासाठी काही वेगळं करू नका" असंच म्हणणार. नेमकं विचारा. काय चालत नाही? थोडं पोटात गेलं तर काय होतं? त्याच भांड्यात, त्याच तेलात केलेलं चालेल का? यातला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच विचारायचा राहून जातो.

कारण "दूध चालत नाही" म्हणणाऱ्या दोघांची गोष्ट अगदी वेगळी असू शकते. एकाला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही. अशा पुष्कळ जणांना जेवणाबरोबर कपभर दूध सोसतं, फार झालं तर पोट बिघडतं. दुसऱ्याला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते. त्याच्यासाठी लॅक्टोज काढलेलं दूधही तितकंच धोक्याचं, कारण प्रथिनं त्यात तशीच असतात. सीलिअ‍ॅक (गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या माणसाला टेबलावर काहीच होताना दिसत नाही. त्रास काही तासांनी सुरू होतो किंवा वरवर जाणवतही नाही, पण आतड्याच्या अस्तराचं नुकसान होतच असतं. "ग्लुटेन-फ्री" म्हणायला आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं. तिथे "जरासं खा, काही होत नाही" याला अर्थ राहत नाही.

आणि ज्याने तत्त्व म्हणून किंवा धर्म म्हणून एखादी गोष्ट सोडली आहे, त्याला "पण तुला त्रास तर होत नाही ना?" असं विचारू नका. मर्यादा ती मर्यादा.

न सांगता घालून बघणं

या यादीतली ही सगळ्यात वाईट चूक. ती करणारी माणसं दुष्ट नसतात, उलट प्रेमळच असतात.

"अगं, चमचाभर तर आहे. चव आली पाहिजे ना. तिला कळणारही नाही."
"आई, तिला अ‍ॅलर्जी आहे."
"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

होतं. फक्त कारण माहीत नव्हतं. सीलिअ‍ॅकचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात मांडला. त्याआधीही मुलं खंगत होती, पण नेमकं कशाने ते कळत नव्हतं.

ही माहिती मात्र भर स्वयंपाकघरात आईंच्या तोंडावर फेकू नका. इतिहास सांगून कुणी डाव खाली ठेवत नाही. त्यांना खरं दुःख असतं ते आपल्या हातचं कुणी नाकारल्याचं. म्हणून "यात हे घालू नका, ते घालू नका" असा पाढा न वाचता एक पदार्थ त्यांच्यावर सोपवा: "तुमच्या हातची ती भाजी तिला पूर्ण चालते. ती तुम्हीच कराल का?" मग त्या भाजीची राखण त्याच करतात, आणि त्यात दुसरा डाव बुडवायची कुणाची हिंमत होत नाही.

जिन्नस बघितला, भांडं नाही

पदार्थ बरोबर, पण घात होतो तो डावाने. वाढताना एकाच डावाने या पातेल्यातून त्या पातेल्यात जायची हाताला सवय असते, आणि चुकतं ते नेमकं तिथे. तळणाचं तेलही तसंच. तापवल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. ज्या तेलात आधी पिठात घोळवलेलं काही तळलं, ते सीलिअ‍ॅकवाल्याच्या कामाचं नाही. लाकडी पोळपाट, चाळणी, टोस्टर या गोष्टी कितीही घासल्या तरी खात्रीने साफ होत नाहीत, त्या त्या दिवसापुरत्या बाजूलाच ठेवा. शेंगदाण्याचे हात साबणाने धुवा. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं.

बाटल्या आणि पाकिटं उलटी करून वाचा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्ट सहसा बार्लीचं असतं, जिलेटिन प्राण्यांपासून येतं, काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. "केसिन" किंवा "व्हे" दिसलं की ते दूधच समजा.

सोपा मार्ग म्हणजे पाहुण्याचं आधी करा, स्वच्छ ओट्यावर, आणि झाकून ठेवा. त्याचा डाव वेगळा ठेवा आणि त्याला पहिल्यांदा वाढा.

ताटाचा तमाशा

"हिचं वेगळं केलंय हं!" असं चारचौघांत जाहीर केलं की पाहुणी ओशाळते आणि घरच्यांना आयता विषय मिळतो. त्यापेक्षा दोन-तीन पदार्थ सगळ्यांनाच चालतील असे करा आणि काहीही न बोलता मांडा.

याचं दुसरं टोकही बरं नाही. एका पाहुण्यासाठी अख्खं टेबल बदललं की मुलं फुगतात, मग मोठेही. माझं मत विचाराल तर, पाहुणा वीगन (दूध-दहीही न खाणारा) आहे म्हणून इतरांचं दही उचलायची गरज नाही. पण गंभीर अ‍ॅलर्जी असलेलं लहान मूल येणार असेल, तर तो एक जिन्नस त्या दिवशी घरात नकोच. मुलं हात पुसत नाहीत, सगळीकडे लावतात.

मधुमेहाला फक्त साखरेशी जोडणं

साखरेऐवजी मध घातला की काम झालं, असं नाही, मधही रक्तातली साखर वाढवतोच. आणि इन्सुलिन घेणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत पदार्थापेक्षा वेळ जास्त सांभाळावी लागते. तुम्ही "पाचच मिनिटांत बसू" म्हणालात, त्याने इंजेक्शन घेतलं, आणि गप्पांत पाऊण तास गेला, तर त्याची साखर घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की लगेच अर्धा पेला फळांचा रस किंवा साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. घरातलं सगळं हौसेने शुगर-फ्री करून टाकलं असेल, तर याच वेळी पंचाईत होते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी "कमी सोडियमचं मीठ" परस्पर वापरू नका. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि त्यांना ते घातक ठरू शकतं.

पाहुणा स्वतःचा डबा घेऊन आला तर तो अपमान समजू नका. कित्येकदा तो तुमच्यावरचा भार हलका करत असतो. पाहुण्यांनीही दारात चपला काढता काढता पथ्य सांगू नये, हे मात्र खरं.

घोळ झालाच तर

चुकून भलतं वाढलं गेलं हे कळताक्षणी सांगा. पाहुणा घास घेत असला तरी सांगा. वरचे शेंगदाणे वेचून तेच ताट पुढे सरकवू नका, ताट बदला.

अ‍ॅलर्जीवाल्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर त्याच्याजवळ असलेल्या एपिनेफ्रिनच्या पेनचं (गंभीर रिअॅक्शनवरच्या औषधाचं तयार) इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. माणसाला आडवं ठेवा, चालायला लावू नका. श्वास लागत असेल तर बसू द्या. अ‍ॅलर्जीची साधी गोळी या इंजेक्शनची जागा घेत नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचं, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आणि घोळ जेवणाचा नसून बोलण्याचा झाला, म्हणजे काकांनी टेबलावर "हे हल्लीचं फॅड" असं काढलंच, तर ज्याचे काका त्यानेच बोलावं. सुनेने नाही आणि पाहुण्याने तर नाहीच. "काका, हे तिच्या डॉक्टरांचं आहे, आपलं नाही," एवढं म्हणून विषय बदलायचा. कुणी कुणाला काय आधी सांगितलं नाही, हा हिशेब पाहुणे गेल्यावर करायचा.

पुढच्या खेपेसाठी सगळं फोनमध्ये लिहून ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. औषधं बदलली की पथ्यं बदलतात. लहानपणीची दुधाची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांची मोठेपणी जाते, शेंगदाण्याची बहुतेकांची राहते. दर वेळी नव्याने विचारा, आणि विचारणारा तोच असू द्या, जो रांधणार आहे.