पवनेकाठी तंबू घेण्याआधी

कोथरूडहून पवना धरण साधारण ५०-६० किलोमीटर. एवढ्याशा अंतरासाठी काय चौकशी करायची, असं पहिल्या खेपेला मलाही वाटलं होतं. फोटोत नुसतं निळं पाणी. रात्री मात्र शेजारच्या कॅम्पचा डीजे दोन वाजेपर्यंत छातीवर आदळत होता आणि सासूबाई कानात कापूस घालून तंबूत बसून होत्या.

तेव्हापासून फोनवर आधी हेच विचारते: स्पीकर किती वाजता बंद करता? "मॅडम, तुम्ही म्हणाल तेव्हा" असं उत्तर आलं की समजायचं, बंद होत नाही. मग संडासाचं. बायकांचा वेगळा आहे का, किती तंबूंमागे एक, रात्री तिथे दिवा असतो का?

जागेवर उजेडीच पोचा. अगदी काठावरचा तंबू मागू नका. डिसेंबरात पाण्यावरचा वारा हाडात शिरतो, पहाटे दवाने कापड चिंब होतं. थोडी उंचावरची, सपाट जागा बघा. उतार असलाच तर डोकं चढाकडे. आणि पैसे द्यायच्या आधी आत जाऊन पाठ टेका, खालचा दगड तेव्हाच कळतो. (लोक हसतात. हसू देत.) पावसाळ्यात ओघळाची वाट टाळा. पाण्यात उतरणं नकोच; काठ अचानक खोल होतो, खाली गाळ.

जेवणाला गावातल्या घरचं पिठलं-भाकरी सांगा.

शनिवार मी सोडूनच दिला. गुरुवारी जाते, समोर तुंग, तिकोना हे किल्ले, आणि रात्री ओरडते ती फक्त टिटवी.