लष्कराचा जुना मालट्रक घेताना आकार आणि टायरांची तुलना कशी करावी

अमेरिकी लष्कराने सेवेतून काढलेले मालट्रक लिलावातून सामान्य नागरिकांनाही विकत घेता येतात. बाजारात प्रामुख्याने तीन घराणी दिसतात: १९५० च्या सुमारास सुरू झालेली एम-३५ ही 'अडीच टनी' मालिका, १९८० च्या दशकातली एम-९३९ ही 'पाच टनी' मालिका आणि १९९० च्या दशकापासूनची, केबिन इंजिनावर बसवलेली एफएमटीव्ही मालिका, जिच्यातला एम-१०७८ चारचाकी आणि एम-१०८३ सहाचाकी असतो. नवखा ग्राहक यांची तुलना टनांवरून करतो आणि तिथेच हिशेब चुकतो. ट्रक कोणता घ्यावा हे बहुतेक वेळा त्याच्या टायरांवरून ठरवावे, असे माझे मत आहे. कारण जुना ट्रक स्वस्त मिळाला तरी त्याचे टायर स्वस्त मिळत नाहीत.

तरीही सुरुवात टनांपासूनच करावी, म्हणजे तो घोळ आधी मिटेल. इथला टन अमेरिकी, म्हणजे २,००० पौंडांचा किंवा सुमारे ९०७ किलोंचा असतो. शिवाय 'अडीच टनी'सारख्या नावातला आकडा रस्ता सोडून चालतानाची भारक्षमता सांगतो. एम-३५ मालिकेतल्या एम-३५ए२ ला रानावनात ५,००० पौंड आणि पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड भार मान्य आहे. त्यामुळे 'अडीच टनी' ट्रक रस्त्यावर पाच टन माल नेतो आणि त्याचे स्वतःचे वजनही सुमारे ६.५ टन असते. एम-९३९ मालिकेतला एम-९२३ हा 'पाच टनी' ट्रक रिकामाच दहा टनांच्या पुढे जातो. तुम्ही जो पूल, जो उतार किंवा जी शेतवाट वापरणार आहात, तिला हे रिकामे वजन सोसवेल का, हा प्रश्न भारक्षमतेआधी विचारावा.

त्यानंतर मोजपट्टी घ्यावी. एम-३५ए२ ची लांबी सुमारे ६.७ मीटर, रुंदी २.४ मीटर आणि ताडपत्रीसह उंची सुमारे २.८ मीटर असते. एम-९२३ ची लांबी ७.८ मीटरपर्यंत जाते, पण रुंदी जवळजवळ तीच राहते. हौद्याची लांबी पहिल्यात सुमारे १२ फूट आणि दुसऱ्यात सुमारे १४ फूट भरते. लांब माल न्यायचा असल्यास एम-९२७ हा सुमारे २० फुटी हौद्याचा प्रकार पाहावा. एम-१०७८ मध्ये केबिन पुढे सरकल्यामुळे साधारण ६.४ मीटर लांबीतच हौद्याला चांगली जागा मिळते, आणि अरुंद अंगणात तो वळवायला सोपा जातो. उंचीच्या बाबतीत मात्र जुना ट्रक सरस ठरतो, कारण ताडपत्रीच्या कमानी काढून आणि समोरची काच पुढे निजवून एम-३५ए२ सुमारे दोन मीटरपर्यंत खाली आणता येतो. पक्क्या छताच्या एफएमटीव्हीला ही सोय नाही. जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंचीही मोजावी; फाळका उघडल्यावर माल हातांनी चढवायचा असेल, तर ती रोज जाणवते.

आता टायर. ट्रकच्या नावामागची अक्षरे इथे फार कामाला येतात. एम-९२३ ला ११.००-२० मापाचे दहा टायर असतात, मागच्या दोन्ही एक्सलांवर जोडीने बसवलेले. एम-९२३ए१ ला १४.०० आर २० मापाचे ('आर' म्हणजे रेडियल) एकेरी, म्हणजे एकूण सहाच टायर असतात. एम-९२३ए२ ला तेच माप असते, शिवाय केबिनमधून टायरांतील हवा कमीजास्त करण्याची यंत्रणा असते. एम-३५ए२ वर ९.००-२० मापाचे दहा टायर येतात, तर एम-३५ए३ वर १४.५ आर २० मापाचे सहा. एम-१०७८ वर चार आणि एम-१०८३ वर सहा टायर असतात, दोन्हींवर ३९५/८५ आर २० मापाचे, त्यामुळे ही दोन्ही वाहने बाळगणाऱ्याला एकाच मापाची स्टेपनी पुरते. जाहिरातीत नाव एक आणि चाके दुसऱ्याच प्रकाराची असणे सर्रास घडते. छायाचित्रातले टायर मोजूनच पुढे जावे.

मापांची तुलना व्यासावर आणावी. ३९५/८५ आर २० या मापात रुंदी ३९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८५ टक्के आणि रिम २० इंचांची. ३९५ चे ८५ टक्के म्हणजे सुमारे ३३६. त्याची दुप्पट ६७२. त्यात रिमचे ५०८ मिळवले की व्यास सुमारे १,१८० मिलिमीटर येतो. जुन्या इंची मापांत बाजूची उंची दिलेली नसते, म्हणून तिथे निर्मात्याचा तक्ता पाहावा लागतो. ९.००-२० चा व्यास साधारण १,०२५ मिलिमीटर, ११.०० आर २० चा १,१०० च्या आतबाहेर आणि १४.०० आर २० चा १,२४० च्या आसपास असतो.

हे आकडे हाती आले की बदलाचे परिणाम लगेच कळतात. एम-३५ए२ वरचे मूळ टायर काढून ३९५/८५ आर २० लावले, तर व्यास सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक ८० दाखवत असताना गाडी ९२ च्या वेगाने धावत असते. इंजिन त्याच वेगाला शांत चालते, पण चढावर दम कमी पडतो. या ट्रकला मूळचे पॉवर स्टीअरिंग नसल्यामुळे उभ्या गाडीत चाके वळवणे हे दंडांचे काम होते. म्हणून नुसते रूप पालटण्यासाठी इतका मोठा बदल करू नये, ११.०० आर २० हा मधला मार्ग पुरेसा असतो. त्यातही मागे जोडी कायम ठेवायची असेल, तर दोन टायरांच्या फुगीर बाजूंमध्ये किती फट उरते ते भार टाकून पाहावे, कारण बाजू एकमेकींना घासल्या की टायर तापून फाटतात.

जोडीने की एकेरी, याचे उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. चिखलात जोडी पुढच्या चाकांच्या चाकोरीत न बसता कडेची नवी माती कापत जाते आणि दोन टायरांमध्ये दगडही अडकतात. एकेरी रुंद टायर पुढच्या चाकोरीतूनच चालतो, आणि हवा कमी केली की वाळूत चांगला तरतो. डांबरी रस्त्यावर भार वाहणाऱ्याला मात्र जोडी सोयीची: एक पंक्चर झाला तरी गाडी कडेला नेता येते आणि सुटा टायर दोन माणसांना हाताळता येतो. १४.०० आर २० चे रिमसकट चाक दीडशे किलोंच्या पुढे जाते, तेव्हा स्टेपनी उतरवायला यारी हवीच.

कोणताही पर्याय घेतला तरी सर्व चाकांचा व्यास सारखा हवा. सर्व चाकांना शक्ती मिळते तेव्हा पुढचे नवे आणि मागचे झिजलेले टायर एकमेकांशी झगडतात आणि तो ताण गिअरपेटीवर येतो.

पाहणीच्या वेळी नक्षीच्या खोलीवर विसंबू नये. लष्करी टायर नक्षीने नवे आणि रबराने म्हातारे असू शकतात. बाजूवरच्या डीओटी (अमेरिकी वाहतूक खाते) खुणेतले शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर किमतीत नव्या संचाचा खर्च धरावा. भारांकही वाचावा, १६८जी म्हणजे प्रति टायर ५,६०० किलो आणि ताशी ९० किलोमीटरची मर्यादा.

रिमच्या बाबतीत मात्र अजिबात धाडस करू नये. एम-३५ च्या रिमला सुटी रिंग असते, तर एकेरी टायरांचे रिम दोन भाग बोल्टांनी जोडून केलेले असतात. हवा पूर्ण काढल्याशिवाय हे नट सैल केले, तर रिमचा भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि माणसे दगावतात. चाक एक्सलला धरणारे नट कोणते आणि रिम जोडणारे कोणते, हे आधी ओळखावे, आणि हवा भरण्याचे काम लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच करावे.

शेवटी वेग आणि परवाना. एम-९३९ मालिकेवर ओल्या रस्त्यावरील अपघातांमुळे, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) बसेपर्यंत, लष्करानेच ताशी ४० मैलांची मर्यादा घातली होती. म्हणून एबीएस बसवल्याची खूण शोधावी. अमेरिकेत एकूण मान्य वजन २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त असलेल्या ट्रकला सहसा व्यावसायिक परवाना लागतो, आणि खाजगी वापराच्या सवलती राज्यागणिक बदलतात. त्यामुळे बोली लावण्याआधी ट्रकच्या माहितीपट्टीवरचे हे वजन वाचून घ्यावे आणि आपल्या राज्याच्या वाहन विभागाकडे विचारणा करावी.