फर प्रोटीन कुठला जीन बंद ठेवतं, हे हेलिकोबॅक्टर पायलोरीत कसं तपासायचं

पोटातल्या ॲसिडमध्ये तग धरणाऱ्या या बॅक्टेरियाचा जीनोम लहान आहे, साधारण 16 लाख 70 हजार अक्षरांचा, आणि सिग्मा फॅक्टर, म्हणजे आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला जीनच्या सुरुवातीला नेणारी प्रोटीनं, तर फक्त 3 (ई. कोलायकडे 7 असतात). रेग्युलेटर, म्हणजे जीन चालू-बंद करणारी प्रोटीनं, हीही मोजकीच (लोखंड ओळखणारं फर त्यातलंच एक), त्यामुळे एकेक प्रोटीन बरीच कामं करतं आणि म्हणूनच इथे घाईत चुकीचा निष्कर्ष निघतो.

आधी फर जीन काढलेला म्युटंट बनवा. हा बॅक्टेरिया बाहेरचा डीएनए स्वतःहून आत घेतो, त्यामुळे जीनच्या जागी क्लोरॅम्फेनिकॉल कॅसेट (या अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन असलेला डीएनएचा तुकडा) बसवणं तसं सोपं जातं. वाढवायचं 37 डिग्रीला, ऑक्सिजन 5 टक्क्यांच्या आसपास, आणि प्लेटवर 3 ते 5 दिवस धीर धरायचा.

आता खरी गोष्ट, इथे नीट लक्ष द्या. सॅम्पल 2 नाही, 4 घ्यायचे: मूळ स्ट्रेन आणि म्युटंट, दोन्ही लोखंडासह आणि दोन्ही लोखंडाशिवाय. कारण फर लोखंड धरून बसलं की एफआरपीबी (frpB) सारखे लोखंड आत ओढणारे जीन बंद करतं, हे बऱ्याच बॅक्टेरियात होतं, पण इथे रिकामं फरसुद्धा डीएनएवर बसतं आणि पीएफआर नावाचा फेरिटिनचा (लोखंड साठवणाऱ्या प्रोटीनचा) जीन बंद करतं! म्हणजे तुम्ही फक्त लोखंड भरपूर असलेल्या मीडियात बघितलंत तर पीएफआर दोन्ही स्ट्रेनमध्ये चालूच दिसणार आणि तुम्ही म्हणणार फरचा याच्याशी काही संबंध नाही, सपशेल चूक.

लोखंड काढायला डायपिरिडिल (लोखंड पकडून ठेवणारं रसायन) वापरा, पण थोडाच वेळ, जास्त ठेवलं तर पेशी हैराण होतात आणि तुम्ही स्ट्रेस मोजत बसता. बॅक्टेरियाचा आरएनए मिनिटांत तुटतो, त्यामुळे सॅम्पल काढल्या काढल्या थंड फिनॉल-इथेनॉलमध्ये टाका, मग आरटी-क्यूपीसीआरने कुठल्या जीनचा आरएनए किती आहे ते मोजा, तुलनेला 16एस (रायबोसोमचा आरएनए).

म्युटंटमध्ये फरक दिसला म्हणून फर थेट त्या प्रमोटरवर (जीन सुरू होण्याआधीच्या डीएनएवर) बसतं असं होत नाही हं, मधे दुसरं प्रोटीन असू शकतं. त्यासाठी शुद्ध फर आणि प्रमोटरचा तुकडा घेऊन जेल शिफ्ट करा (प्रोटीन चिकटलेला डीएनए जेलमध्ये हळू सरकतो), एकदा मँगनीज घालून (लोखंड हवेत पटकन ऑक्सिडाइज होतं म्हणून त्याच्या जागी) आणि एकदा धातू पूर्ण काढून. सोबत असंबंधित डीएनएचा तुकडा हवाच, नाहीतर प्रोटीन कशालाही चिकटत असेल तर कळणार कसं. नेमकी जागा डीएनेझ फूटप्रिंटिंगने मिळते (डीएनेझ डीएनए कापतं, पण प्रोटीनने झाकलेला भाग वाचतो). आणि फर जीन दुसऱ्या जागी परत घालून सगळं पूर्ववत होतं का ते बघा, ही पायरी गाळू नका, कॅसेटमुळे शेजारचा जीन बिघडलेला असू शकतो.

निकेल ओळखणाऱ्या निकआर या रेग्युलेटरसाठी हेच, फक्त लोखंडाऐवजी निकेल, आणि यूरिएजचा (युरिया तोडणाऱ्या एन्झाइमचा) जीन निकेल मिळाल्यावर बंद न होता वाढलेला दिसेल. एआरएसआर हा रेग्युलेटर मात्र काढून टाकता येत नाही, त्याच्याशिवाय हा बॅक्टेरिया जगतच नाही, तिथे ॲसिड ओळखणारा त्याचा जोडीदार एआरएसएस काढा आणि पीएच 7 व 5 ला तुलना करा.