यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतिदिनाचं सहा मिनिटांचं भाषण

25 नोव्हेंबरला शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत भाषण करायचं असेल तर 600 शब्द पुरेत. सावकाश बोललं की मिनिटाला शंभरच शब्द होतात. 900 लिहून आणलेत तर शेवटची दोन पानं घाईत वाचाल, आणि नेमका महत्त्वाचा भाग तिथेच असतो.

बहुतेक भाषणं पदांच्या यादीत अडकतात. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, उपपंतप्रधान... इथेच श्रोते मोबाइल काढतात. यादी एका वाक्यात उरका. ‘आधी कुटुंब, मग कार्य’ असे दोन कप्पेही नकोत; दोन्ही एकाच प्रसंगात दिसू द्या. जून 1942 मध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत ‘चले जाव’ सुरू झालं. यशवंतराव भूमिगत झाले, पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. या एका प्रसंगाला 200 शब्द द्या. त्याआधी 80 शब्द विठामाईंना: वडील लहानपणीच गेले, मुलांना आईनं कष्टानं वाढवलं.

पुढे दोनच टप्पे घ्या, 1960 आणि 1962. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे वाक्य आधीचे तीन वक्ते म्हणून गेलेले असतात. तुम्ही चीन युद्धानंतर संरक्षण खातं हाती घेणं म्हणजे काय, ते सांगा. शेवटाकडे वेणूताईंचं निधन, 1 जून 1983. त्यानंतर दीड वर्षाच्या आत यशवंतरावही गेले. तारखा सांगून क्षणभर थांबा, विशेषणं जोडू नका.

चुका ठरलेल्या असतात. 12 मार्च ही जयंती, 1913 ची. जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात येतं, कऱ्हाडला समाधी आहे, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. 1956 पासून ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होतेच, ‘महाराष्ट्राचे पहिले’ 1 मे 1960 पासून. ऐकीव संवाद त्यांच्या तोंडी घालू नका. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात सापडला तरच घ्या, तेही पान बघून. फलकावर ‘विनम्र अभिवादन’ लिहा. जयंतीचा जुना फलक तसाच लावला, की पुण्यतिथीला ‘हार्दिक शुभेच्छा’ झळकतात!

मौन एक मिनिटाचं ठेवा आणि घड्याळ दुसऱ्याच्या हाती द्या. अंदाजानं धरलेलं मौन वीस सेकंदांतच संपतं.